कॅसिनोत टिप : कुणाला, किती आणि कधी देऊच नये (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिरोडा, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात उतरणाऱ्या पाहुण्यांमध्ये एखादा तरी कंपू असा असतोच, जो दुपारी बांगड्याचं जेवण जेवून आडवा होतो आणि चार वाजता उठून विचारतो, "पणजीला बोटीवर जाऊन यायचं म्हणतोय, किती वेळ लागेल?" रस्ता सांगून झाला की पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात येतो : तिथे टिप किती द्यायची असते? खोल्या देणारे, गाड्या चालवणारे आम्ही सगळेच हे ऐकतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. खेळावं की खेळू नये हा इथला विषय नाही. त्यावर घरोघरी पुरेशी भाषणं होतात.

टिप द्यावीच लागते का?

नाही. कायदा सांगत नाही, कॅसिनोही सांगत नाही. एक पैसा न देता रात्रभर खेळलात तरी कुणी उठवणार नाही. पण तिथे काम करणारी पोरं आठ-आठ तास उभ्याने, लोकांची चिडचिड झेलत काम करतात, आणि ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याच्या हातावर काहीतरी ठेवायची आपली रीत जुनी आहे. माझा नियम साधा : टिप कामाची द्यावी, नशिबाची देऊ नये. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

त्यासाठी गोव्यालाच जायला हवं का? महाराष्ट्राच्या कोकणात कॅसिनो नाही?

नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडचे कायदे १९७६ चेच. महाराष्ट्रानेही त्या वर्षी कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करायचं ठरवलं. गोव्याने आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९० च्या दशकात बदल केले : पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ, आणि पाण्यावरच्या जहाजांवर खरी टेबलं. म्हणून डीलरच्या हातून पत्ते वाटून घ्यायचे तर मांडवीतल्या बोटींवर जावं लागतं. वयाची अट २१ पूर्ण.

आणखी एक. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तेव्हा म्हापशाच्या मेहुण्याला सोबत न्यायचा बेत असेल तर आधीच सोडा. नोकरी करायला मात्र गोंयकाराला मुभा आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे उभा असलेला मुलगा गोव्याचा असेल, तर त्याला ते टेबल फक्त चालवता येतं, खेळता येत नाही.

डीलरला किती द्यावी?

आकडा ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे त्या टेबलावरची किमान पैज. शंभराच्या टेबलावर शंभर, पाचशेच्या टेबलावर पाचशे, आणि तीसुद्धा एका डीलरला एकदा, प्रत्येक डावाला नव्हे. तासाभरात एक-दोन चिप्स (पैशांऐवजी टेबलावर चालणाऱ्या चकत्या) गेल्या की पुरे. तुमची पैज किमान रकमेच्या दहा-वीस पट असेल तर टिपही थोडी वाढली तर शोभून दिसते, पण त्याच पटीत वाढवायचं कारण नाही. मोठी पैज लावली म्हणून डीलरला चार पत्ते जास्त वाटावे लागत नाहीत.

वेळ महत्त्वाची. डीलर एका टेबलावर फार वेळ राहत नाहीत, साधारण वीस ते चाळीस मिनिटांनी बदलतात. तुम्ही "उठताना देऊ" म्हणून थांबलात तर ज्याने गोड बोलून नियम समजावले तो केव्हाच विश्रांतीला गेलेला असतो आणि टिप भलत्याच्या नावावर पडते. तेव्हा ज्याला द्यायची त्याला तो टेबलावर असतानाच द्या.

कशासाठी द्यायची, हेही सांगतो. तुम्ही नवखे आहात हे ओळखून त्याने खेळ समजावला, पैज चुकीच्या चौकटीत पडतेय असं दिसल्यावर चाक फिरायच्या आत सांगितलं, पलीकडचा झिंगलेला गृहस्थ तुमच्या चिप्सवर हात टाकत होता त्याला सभ्यपणे आवरलं, हिशेब चटकन आणि चोख केला. चेहरा पाडून यंत्रासारखे पत्ते टाकणाऱ्याला काहीच दिलं नाहीत तरी मनाला लावून घेऊ नका.

जिंकलेल्या रकमेच्या दहा टक्के द्यायची असते ना?

हे कुठून आलं कोण जाणे, पण पुण्या-कोल्हापूरच्या प्रत्येक कंपूत हे सांगणारा एक जाणकार असतो. टक्केवारीचा नियम हॉटेलच्या बिलाला चालतो, कारण बिल म्हणजे खर्च. जुगारातलं जिंकणं हे बहुतेक वेळा आधी हरलेल्यातलंच थोडं परत येणं असतं.

रुलेट घ्या, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या आकड्यावर थांबतो त्यावर पैज लावायचा खेळ. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात. एकाच आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला तर ३५ पट, म्हणजे साडेतीन हजार मिळतात, वर लावलेले शंभर परत. ३७ घरांत ३५ पट, या फरकातच कॅसिनोची कमाई आहे : लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे. आता युरोपातला एक जुना रिवाज असा, की सरळ आकडा लागला की त्यातली एक चिप कर्मचाऱ्यांना द्यायची. दिसायला पस्तिसातली एकच चिप, पण हिशेब करून बघा. सरासरी ३७ फेऱ्यांत एकदा तुम्ही जिंकता आणि तेव्हा एक चिप देता. ३७ फेऱ्यांत एक चिप तर कॅसिनो आधीच घेत होता, त्यात आणखी एकीची भर पडली. तुमचं नुकसान शंभरामागे २.७० वरून थेट ५.४१ वर गेलं, दुप्पट. दहा टक्के द्यायची म्हटलं तर साडेतीन चिप्स जातात. पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

म्हणजे देऊ नका असं नव्हे. प्रत्येक विजयाला वाटा काढत बसू नका, एवढंच. संध्याकाळचं बजेट ठरवताना खेळाचे पैसे एका खिशात आणि टिपांचे दुसऱ्या खिशात ठेवा. टिपांचा खिसा रिकामा झाला की संपलं.

हरत असलो तर?

हरणाऱ्याकडून कुणी टिपेची अपेक्षा धरत नाही. पण डीलर चांगला असेल तर बसल्या बसल्या सुरुवातीलाच एक चिप देऊन टाका. मग हार-जितीचा प्रश्नच उरत नाही.

हातात दिली तर चालते का?

टेबलावर नाही. डीलर खेळाडूच्या हातून काही घेत नाही, कारण डोक्यावर कॅमेरे असतात आणि हातातून हातात गेलेली वस्तू कॅमेऱ्याला संशयास्पद दिसते. टेबल सोडून जाताना डीलर दोन्ही तळवे उघडून दाखवतात, टाळी दिल्यासारखे, तेही त्याचसाठी : हातात काही लपवलेलं नाही.

चिप पैजेच्या चौकटीबाहेर, डीलरच्या बाजूला सरकवा आणि तोंडाने सांगा, "ही तुमच्यासाठी." न सांगता चौकटीजवळ ठेवलीत तर ती पैज समजली जाण्याचा धोका, आणि मग वाद. डीलर ती चिप सर्वांना दिसेल अशी टेबलावर टकटक करून बंद डब्यात टाकतो. रोख नोटा आणि यूपीआय टेबलावर विसरा. तिथे फोन काढलात तर फोटो काढताय असं समजून सुरक्षारक्षक आधी येईल.

मी दिलेली टिप त्याच मुलाला मिळते का?

पूर्ण नाही. टेबलावरच्या टिपा एकत्र जमवून नंतर वाटून घ्यायच्या, ही जगभरच्या कॅसिनोंची नेहमीची पद्धत आहे. वाटणीचं सूत्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. काहींना हे खटकतं, मला पटतं. गर्दीच्या रुलेटवर उभ्या राहणाऱ्याला टिपा मिळणार आणि कोपऱ्यातल्या ओस टेबलावरच्याला काहीच नाही, हा त्या दोघांच्या कामातला फरक नव्हे, नेमणुकीतला आहे. पण एखाद्याचं खास कौतुक करायचं असेल तर चिपेवर भागत नाही. सुपरवायझरला त्याचं नाव घेऊन सांगा की हा मुलगा उत्तम काम करतो. त्याची वाटणी होत नाही.

टिप दिली की डीलर चांगली पानं देतो म्हणतात. खरं का?

खोटं. पत्ते यंत्रातून किंवा डब्यातून निघतात, चेंडू चाकावर फिरतो, वर कॅमेरा, पाठीमागे सुपरवायझर. डीलरला पानं फिरवता आली असती तर त्याने ती नोकरी कशाला केली असती? आणि खरोखरच एखादा डीलर टिपेच्या बदल्यात काही सुचवत असेल तर ती फसवणूक आहे, आणि तुम्ही तिच्यात भागीदार. उठा आणि दुसरीकडे जा.

दारू-जेवण पॅकेजमध्ये असतं. मग वेटरला कशाला?

नेमकं इथेच लोक चुकतात. प्रवेशाच्या पॅकेजात जेवण, दारू आणि थोड्या चिप्स येतात, म्हणून सगळं "फुकट" वाटतं, आणि ज्याला फुकट समजलं त्याची किंमत आपण करत नाही. डीलरला पाचशेची चिप ऐटीत सरकवणारा माणूस, पाच वेळा ग्लास भरून आणणाऱ्या पोराकडे वर मान करून बघतही नाही. माझं म्हणणं, उलटं करा. सुरुवातीलाच शंभर-दोनशे रुपये रोख द्या, किंवा दर फेरीला पन्नास. वेटरला रोख घेता येते आणि त्याला तीच सोयीची. पन्नास-शंभराच्या नोटा मात्र बांद्याच्या अलीकडेच मोडून घ्या. बोटीवर पाचशेची सुट्टी मागत फिरणं बरं दिसत नाही.

जेवणाच्या काउंटरवरच्यांना, व्यासपीठाजवळ टेबल धरून देणाऱ्यांना तुमच्या मर्जीने.

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळी टिप?

नको. आणि तो चार्जही सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगा, आणि वाचलेले पैसे वाढणाऱ्याच्या हातावर ठेवा.

पिट बॉस, सुपरवायझर, कॅशियर, सुरक्षारक्षक?

यांना नाही. ही देखरेख करणारी आणि पैसे मोजणारी माणसं. त्यांच्या हातात पैसा ठेवणं त्यांनाच अडचणीत आणतं. आभार माना, पुढे चला.

धक्क्यावरून बोटीवर नेणारे, गाडी लावून देणारे?

छोट्या बोटीतून हात धरून वर चढवणाऱ्याला, विशेषतः सोबत आई-वडील असतील किंवा पावसाळी पाणी हलत असेल तर, वीस-पन्नास द्या. गाडी लावून परत आणून देणाऱ्याला पन्नास ते शंभर.

आणि आमचा ड्रायव्हर?

कुणी विचारत नाही, म्हणून मीच हा प्रश्न घातला.

सावंतवाडीहून किंवा वेंगुर्ल्याहून भाड्याची गाडी करून तुम्ही संध्याकाळी पणजीला जाता, "अकरापर्यंत येतो" म्हणता आणि पहाटे तीनला उतरता. तोवर तो माणूस मांडवीच्या काठी डास मारत गाडीत पडलेला असतो. पणजीत रात्री अकरानंतर धड जेवण मिळणं सोपं नाही. नंतर महामार्गाच्या अंधारातून, कधी धो-धो पावसातून, पेंगुळलेल्या पाच जणांना घरी आणायचं कामही त्याचंच. आत ज्याच्या कामाने तुमचा जीव वाचणार नाही त्याला हजार देता, आणि ज्याच्या डोळ्याला डोळा लागला तर काय होईल हे सांगायला नको, त्याच्याशी रात्रीच्या भत्त्यावरून घासाघीस!

निघतानाच त्याला जेवणाचे पैसे वेगळे द्या. रात्रीचा भत्ता किती ते आधी बोलून घ्या, म्हणजे पहाटे तोंडं वाकडी होत नाहीत. वर दोनशे-तीनशे टिप ठेवा, उशीर झाला तर पाचशे. पहाटेच तो रिकामा होतो असंही नाही. बऱ्याच जणांना सकाळी कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनवर गाडीच्या वेळेला दुसरे प्रवासी घ्यायचे असतात.

आणि हो, परतीच्या वाटेवर डिकीत बाटल्या नकोत. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि तपासणीत गाडी अडकते ती त्याची.

डीलर आपल्याच गावचा निघाला तर?

निघतोच. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची कितीतरी पोरं गोव्याच्या हॉटेलांत आणि कॅसिनोंत कामाला आहेत. बोलण्याच्या हेलावरून कळतं आणि आपल्या तोंडून जातं, "अरे, तू हंय खंय रे?" इथेच थांबा. ओळखीचा माणूस टेबलावर बसला तर बहुतेक कॅसिनोंत डीलरला ते वर सांगावं लागतं. तुम्ही घरगुती गप्पा मारत त्याला मोठ्या चिप्स देऊ लागलात तर कॅमेऱ्यामागचा माणूस दोघांकडे निराळ्या नजरेने बघतो. प्रेम असेल तर दुसऱ्या टेबलावर खेळा, आणि चतुर्थीला तो घरी येईल तेव्हा काय द्यायचं ते द्या. त्याच्या आईला फोन करून "पोरगो भेटलो" सांगण्याआधीही जरा थांबा. घरी सगळं सांगितलेलं असतंच असं नाही.

पॅकेजबरोबर मिळालेली एकदाच खेळायची चिप टिप म्हणून दिली तर?

ती चिप रोखीत बदलून मिळत नाही. मग देऊन काय देणार? ती खेळा, जिंकलात तर साध्या चिप्स मिळतील, त्यातली द्या.

चिप्सवर जीएसटी किती? टिप देताना त्याचा काय संबंध?

संबंध आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स विकत घेण्यासाठी मोजलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कॅसिनोच्या प्रवेशावरही तोच दर. न खेळता चिप्स परत केल्या तरी तो कर परत येत नाही. जिंकलेल्या रकमेने पुन्हा खेळलात तर मात्र त्यावर परत जीएसटी नाही. म्हणजे तुम्ही सरकवलेली शंभराची चिप तुम्हाला शंभराहून बरीच महाग पडलेली असते. ज्याला रोख चालते त्याला रोखच द्या, हे मी म्हणतो त्याचं दुसरं कारण हे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर असतो तो वेगळाच, आणि टिपेत दिलेले पैसे त्यातून वजा करून मिळत नाहीत.

कर्मचाऱ्याला टिपेवर कर भरावा लागतो का?

ते त्याचं उत्पन्नच आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हॉटेलांच्या एका प्रकरणात असं ठरवलं, की ग्राहकाने कार्डावर दिलेली आणि मालकाने कामगारांत वाटलेली टिप हा पगार नव्हे. मालकाने त्यावर पगारासारखा कर कापायचा नाही. कामगाराने ती आपल्या इतर उत्पन्नात दाखवायची.

अमेरिकेतल्या व्हिडिओंत प्रत्येक पेयाला डॉलर देतात. आपणही?

त्यांचा हिशेब निराळा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिपा मिळवणाऱ्या कामगाराचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच अडकलेलं आहे. बाकीचं टिपांतून भरून निघावं ही अपेक्षा. लास व्हेगास असलेल्या नेवाडा राज्यात पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी सवय देशभर तीच. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात डीलरला टिप घ्यायला बंदी आहे, आणि ब्रिटनमध्येही ती मनाई २००५ च्या नव्या जुगार कायद्यापर्यंत होती. तेव्हा "जगात सगळीकडे देतात" असं कुणी सांगितलं तर मान डोलवून सोडून द्या.

डीलरच्या नावाने पैज लावता येते म्हणतात?

काही टेबलांवर चालते, आधी विचारा. आपल्या पैजेशेजारी डीलरसाठी छोटी चिप लावायची; जिंकली तर दोन्ही त्याच्या, हरली तर कॅसिनोच्या. मजा येते खरी, पण डीलरला विचाराल तर तो सरळ चिपच पसंत करेल.

पोकरला?

मोठा पॉट (डावात जमलेल्या सगळ्यांच्या पैजा) जिंकलात तर त्यातली सर्वांत लहान एक-दोन चिप्स. स्पर्धेला बसला असाल तर प्रवेशशुल्कात कर्मचाऱ्यांचा वाटा धरला आहे का ते आधी विचारा.

जत्रेतला अंदर-बाहर किंवा मोबाइलवरचे लाइव्ह डीलर, तिथे काय रीत?

जत्रेत पालाच्या मागे चालतं ते बेकायदा. तिथे टिप नाही, पोलीस आले तर पळायचं असतं. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पडद्यावरच्या डीलरला "टिप" म्हणून बटण दाबायला सांगत असतील तर ते पैसे कुणाच्या खिशात जातात याचा पत्ता लागणार नाही.

कुणी तोंडाने टिप मागितली तर?

शिमग्यात शबय मागायला दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, पण हा शिमगा नव्हे. डीलरने टिप मागणं हे त्याच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नाही. "बघू नंतर" म्हणा आणि खेळत राहा. पुन्हा मागितलं, किंवा जिंकल्यावर चिप्स द्यायला मुद्दाम वेळ लावला, तर टेबल बदला आणि सुपरवायझरला सांगा. मात्र आधी खात्री करा की त्याने टिपच मागितली होती. बऱ्याचदा तो फक्त मोठी चिप फोडून देऊ का, एवढंच विचारत असतो.